एक ठिपका कमी

एप्रिल उतरणीला लागला की बुलढाण्याच्या रस्त्यांवर लोकांचे संसार उघड्यावर दिसायला लागतात. टेम्पोत उभा बांधलेला फ्रीज, गाद्यांच्या वळकट्या, उलट्या घातलेल्या खुर्च्या, तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसलेली बाई आणि मागे कूलरला कवटाळून उभा राहिलेला घरातला कर्ता पुरुष. परीक्षा आटोपलेल्या असतात, बदल्यांची कुजबुज सुरू झालेली असते. मास्तर, बँकेतले लोक, तलाठी, नर्सबाया, सगळे याच दिवसांत घरं बदलतात. ऊन असं असतं की टेम्पोतल्या स्टीलच्या पिंपाकडे बघवत नाही. गल्लीगल्लीतून ओल्या वाळ्याचा वास येतो, पाण्याच्या टँकरमागे सांडलेल्या पाण्याची रेघ डांबरावर क्षणभर दिसते आणि वाळून जाते. संध्याकाळी मात्र राजूर घाटाकडून वारा सुटतो, आणि दिवसभर कोणालाही दार न उघडणारी माणसं गॅलरीत येऊन बसतात.

यंदाही परवापासून टेम्पो सुरू झाले आहेत. लोकांना सामान बघून माणसाची ऐपत कळते म्हणे. मला प्रत्येक टेम्पो बघून एकच प्रश्न पडतो. ही खोली मिळावी म्हणून या लोकांनी मालकाला काय काय सांगितलं असेल?

मी स्वतः खोली शोधली, त्या वर्षीच पुण्याहून परत आले होते. मोबाइलवरची अ‍ॅप्स कशी दिसावीत, बटण कुठे असावं, रंग कोणता असावा, हे ठरवण्याचं माझं काम. नोकरी सोडून आले म्हटलं की लोक मान डोलवायचे; नवरा सोडून आले म्हटलं की मान थांबायची. नितीननं माझ्यावर कधी हात उगारला नाही. ही गोष्ट माझ्या बाजूनं फार अडचणीची ठरली. "मारायचा का?" नाही. "प्यायचा?" नाही. "मग?" या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो माझ्याशी बोलत नसे. मी वाढलेलं जेवायचा, मी धुतलेलं घालायचा, आणि घरात खुर्ची आडवी आली तर माणूस जसा तिला वळसा घालून जातो, तसा माझ्या बाजूनं जायचा. वर्षानुवर्षं. हे कोणाला सांगितलं की समोरचा म्हणायचा, "एवढंच?"

देऊळगाव राजाला आमचं घर. वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, दादा पतसंस्थेत, वहिनी, त्यांची मुलं, आई. मी बैठकीत झोपायची. कोणी मला काही बोललं नाही, पण पाहुणे आले की माझी गादी कुठे लपवायची यावर आई आणि वहिनी डोळ्यांनी बोलायच्या.

तेवढ्यात श्रीकांतचा फोन आला. हा माझा कॉलेजातला मित्र, चिखलीचा. वडिलांचा प्लॉट खरेदी-विक्रीचा धंदा. त्याच्या डोक्यात बुलढाणा जिल्ह्यासाठी घरं शोधायचं अ‍ॅप होतं: भाड्यानं आणि विकत, दोन्ही. नाव ठरवलं होतं, 'ओसरी'. ऑफिस बुलढाण्याला, एका मेडिकलच्या वर.

"पुण्याच्या अ‍ॅपमधी काय राह्यते?" तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "जिम, पोहाचा तलाव. आपल्या इथं मानूस काय इचारते? नळ किती दिवसानं येते, बोअर मे महिन्यात आटते का नाही, आन् गच्चीवर कुरड्या वाळू घालू देते का नाही. हे टाक तू."

मला ते फार आवडलं. मी नळाचं चित्र काढलं, बोअरचं काढलं, गच्चीवरच्या कुरडईचंसुद्धा काढलं. रोज सकाळी देऊळगाव राजाहून एसटीनं चिखली, चिखलीहून बुलढाणा, संध्याकाळी तसंच परत. खिडकीचं लोखंड हाताला चटके द्यायचं. पण कित्येक वर्षांनी कोणीतरी मला विचारत होतं, हे कसं करायचं, आणि मी सांगेन तसं होत होतं.

अ‍ॅपसाठी मी घरोघर जाऊन फोटो काढायची, मालकांशी बोलायची. चिखली रोडच्या विमलकाकू त्यातल्या सगळ्यात प्रेमळ. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे गॅलरी. मला बघितलं की त्या पन्ह्याचा ग्लास भरायच्या.

"बस वं बाई. उन्हात हिंडून हिंडून कशी काळवंडली तू. माह्या पोरीसारखीच आहे अगदी."

किरायदार कसा पाहिजे, हे मला त्यांनीच शिकवलं. "आमी जात-पात काही पाह्यत नाही बाई. फक्त इचारून घेतो." मांस-मच्छी नको. एकटे पोरं नको. "एकटे पोरं म्हंजे बाटल्या." नवराबायको आणि एखादं लेकरू असेल तर उत्तम, पण लेकरू रडकं नको. मी ऑफिसात येऊन त्याची चित्रं करायची. आता मालकानं फक्त चित्राला बोट लावायचं: कुटुंब पाहिजे, विद्यार्थी चालतील, नोकरीवाल्या मुली चालतील. कुटुंबाच्या चित्रात एक पुरुष, एक बाई, मधे एक लहान मूल. विद्यार्थ्याच्या पाठीला दप्तर. नोकरीवाल्या मुलीला दोन वेण्या दिल्या होत्या, त्या श्रीकांतनं काढायला लावल्या.

एक दिवस मी म्हटलं, "एकट्या बाईचं काय? म्हणजे मुलगी नाही, कुटुंब नाही. एकटी."

"अशा किती असतीन?"

"मी आहे."

श्रीकांतनं खुर्ची फिरवून माझ्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. "मंग 'इतर' मधी टाक ना," तो म्हणाला.

एसटीनं हाडं खिळखिळी झाली तेव्हा मी बुलढाण्यातच खोली घ्यायची ठरवली. पहिलं घर डोळ्यांसमोर आलं ते विमलकाकूंचं. मी गेले तेव्हा त्या जाड पातेल्यात गव्हाचा चीक घोटत होत्या. माझं ऐकून त्यांचा चेहरा फुलला.

"माय, मंग इचारायचं काय त्यात? कव्हा येतं? आन् जावाई? ते पुन्यालेच राह्यतीन, का येनं-जानं करतीन?"

"नाही येणार ते. आम्ही वेगळे झालोय, काकू. कोर्टात चालू आहे."

चीक घोटणारा हात थांबला नाही. मंदावला फक्त. "असं का," त्या म्हणाल्या. मग पातेल्याकडे बघत, "काकाले इचारून सांगतो हं. त्यायच्या एका भाच्याचं चालू होतं खोलीचं." पन्हं पुढे आलं, पण या वेळी 'बस वं' आलं नाही.

अ‍ॅप अजून चाचणीपुरतंच मालकांच्या हाती दिलं होतं. संध्याकाळी ऑफिसात बसले असताना पडद्यावर विमलकाकूंच्या घराचा रंग बदलला. खोली दिली गेली की घर करडं दिसावं, असं मीच ठरवलं होतं. डोळ्यांना खुपू नये, पण उगाच आशाही वाटू नये, असा करडा रंग निवडायला मला बराच वेळ लागला होता. दोन-तीन दिवसांनी ते घर पुन्हा हिरवं झालं. भाच्याचं रद्द झालं असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. फोन मात्र केला नाही.

त्यानंतरची घरं मी ओळीनं आठवू शकते, पण आठवत नाही. एकीनं विचारलं, "मंग भेटाले कोन-कोन येईन तुमाले?" एका घरात सासू आतून ओरडली, "सूनबाईच्या कानी असं काही पडाले नको!" आणि सून दाराआडून टक लावून माझ्याकडे बघत राहिली. एका निवृत्त साहेबांना काहीच अडचण नव्हती. ते म्हणाले, "मी मोकळ्या विचाराचा आहे मॅडम. मी पन एकटाच राह्यतो, तुमी पन एकट्या." त्या घराच्या दारातूनच मी परत फिरले. बाकीच्या सगळ्या घरी मी महिनाभर फोटो काढायला गेले होते, सगळ्यांनी मला चहा पाजला होता, घरातल्या लोणच्याच्या बरण्यांपर्यंत सगळं दाखवलं होतं. घर तेच, दिवाणही तोच, बसायला सांगताना मात्र आता ते मला दिवाणाचं टोक दाखवायचे.

शेवटी सुमनमावशींचं घर. गावातल्या जुन्या वस्तीत, खाली त्या, वर एक खोली आणि पुढे गच्ची. मुलगा परदेशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणाऱ्या. माझं नाव-गाव ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "घरच्या पुरुषाले पाठवजो. मी बायायशी व्यवहार करत नाही."

म्हणून दादा आला. सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. आम्ही दोघं त्यांच्या समोरच्या खोलीत बसलो. कूलर घरघरत होता. मावशींनी विचारलं, "जावाई काय करतात?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "वारले."

कूलरच्या आवाजात मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दादा माझ्याकडे न बघता बोलत होता. "मागल्या वर्षी. अचानकच झालं. पोरबाळ नाही. सासरच्यांनी ठेवून नाही घेतलं. आता नोकरी करते बिचारी. कोणाच्या अध्यात ना मध्यात." त्याचा आवाज शेवटी खरंच जड झाला. मी खाली बघितलं. खाली बघितलेली बाई अशा वेळी बरोबर दिसते, हे मला तेव्हा कळलं.

मावशी बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. सामान कव्हा आनता?"

बसस्टँडवर दादानं कचोरी घेतली. मी त्याला म्हटलं, "असं का बोललास?"

"मग काय सांगू? सोडून आली म्हणून सांगू? ते तू सांगून पाहिलं ना इतके दिवस. दिली का कोणी?" त्यानं कचोरीत मिरची मोडली. "खोली मिळाली ना?"

"अरे, जिवंत आहे तो."

"आमच्यासाठी नाही," दादा म्हणाला. त्याला वाटलं त्यानं माझी बाजू घेतली. मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आईला फोनवर सांगितलं. "असं अभद्र बोलायला नको होतं त्यानं," ती म्हणाली. आणि मग, "खोलीत हवा येते का?"

हवा छान येत होती. गच्चीवरून लांबवर घाटाची उतरण दिसायची, निळसर, धुळीत विरघळलेली. पहिल्या दिवशी मी सामान लावत होते, तर मावशी वर आल्या. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "टिकली काढून ठेव."

"आता सगळ्याच लावतात, मावशी."

"पुन्यात लावत असतीन. या गल्लीत सांगतलं एक आन् दिसलं एक, असं चालत नाही."

मी टिकली आरशाच्या कोपऱ्याला चिकटवली. इतकी वर्षं ती होती तेव्हा जाणवली नाही. नाहीशी झाल्यावर दिवसभर कपाळावर काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं.

विधवा म्हणून राहणं सोपं होतं, हे मला कबूल करायला हवं. कोणी 'मग?' विचारत नव्हतं. माणूस मेला की 'मग' संपतो. दूधवाला आवाज खाली करून बोलायचा. गल्लीतल्या बायका मला बघून भाजीच्या गाडीवर बाजूला सरकायच्या, आधी मला घेऊ द्यायच्या. चैत्रातलं हळदीकुंकू समोरच्या घरी झालं. सगळ्या बायका भरजरी साड्यांत, मोगऱ्याचे गजरे, कैरीच्या डाळीच्या फोडणीचा वास माझ्या गच्चीपर्यंत. मला बोलावणं नव्हतं, हे उघड होतं. संध्याकाळी मावशी एक झाकलेली वाटी घेऊन वर आल्या. "तुह्यासाठी धाडली त्यायनं. आपुन तिथं जात नसतो, म्हनून काही इसरत नाहीत लोक." 'आपुन.' मी ती डाळ गच्चीत उभी राहून खाल्ली. उत्तम झाली होती.

ऑफिसात श्रीकांतला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग त्याचं हसू थांबलं आणि तो विचारात पडला. मी ओळखते त्याचा तो चेहरा.

"अर्चना, पाय ना. विधवेले घर भेटते. म्हंजे मालकाले चालते. शांत राह्यते, कोनी येत नाही, जात नाही. हे तर टाकालेच पाह्यजे. 'इतर' नको ठेवू, 'विधवा' कर."

"सोडून आलेलीला?"

"ते कोन टिचकी मारीन त्याच्यावर? तूच सांग." आणि मग हळू आवाजात, "तू तरी मारली का?"

विधवेचं चित्र काढायला मला अजिबात वेळ लागला नाही. एवढ्या लहान चित्रात साडीचा रंग कळत नाही, गळ्यातलं दिसत नाही, वय दिसत नाही. कुटुंबाच्या चित्रातली बाई घेतली, तिच्या बाजूचा पुरुष काढला, मूल काढलं, आणि कपाळावरचा एक ठिपका पुसला. श्रीकांतनं बघितलं आणि म्हणाला, "बरोबर. पटकन समजते."

अ‍ॅप सुरू करायचं आखाजीला. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर लोक घरं घेतात, पाया खणतात, सोनं नाही तर निदान कुलूप तरी नवं आणतात. पण आमच्याकडे त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरतात, आमरस-कुरडई करतात, विस्तवावर त्यांच्या नावाचा घास टाकतात.

आदल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "सकाळी लवकर आंग धू. तुही पहिली आखाजी आहे."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. "नको, मावशी. ते सासरचे करतील."

"सासरच्यायनं तुले टाकलं. त्यायच्या भरवशावर त्याले तान्हेला ठेवतं का?" त्यांनी आवाज चढवला नाही. "समोरच्या काकू येतीन, कोपऱ्यावरच्या येतीन, पिंपळगाववाली येईन. सांगून ठेवलं मी."

सकाळी खाली गेले तर बायका आलेल्याच होत्या. ओट्याजवळ दोन घागरी, लाल, नव्या, मातीचा गार वास येणाऱ्या. एक मावशींच्या यजमानांची. एक माझी. दोन्हींवर एकेक आंबा. पितळेच्या घमेल्यात विस्तव. मावशींनी आधी आपला घास टाकला, तूप सोडलं, हात जोडले. नंतर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाव घे."

मला वाटलं होतं मी पुटपुटेन. पण बायका इतक्या स्तब्ध बसल्या होत्या की पुटपुटणं ऐकू आलं असतं.

"नितीन," मी म्हटलं.

"मोठ्यानं. त्याले ऐकू गेलं पाह्यजे."

"नितीन."

पुरणपोळीचा तुकडा विस्तवावर पडला. साखर जळाल्याचा वास आला, वर तुपाचा. समोरच्या काकूंनी पदर तोंडाला लावला. पिंपळगाववाली खरंच रडत होती. तिच्या घरचं कोण गेलं होतं मला माहीत नाही. आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लाजेनं असेल, धुरानं असेल. पण ते थांबेना. नितीन त्या वेळी पुण्यात कूलरशिवाय, एसीत, कदाचित दाढी करत असेल. मी इथे त्याला जेवू घालत होते, पाणी देत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझं ऐकून घेत होता.

बायका गेल्यावर मी पानं उचलायला लागले. मावशींनी बाजूला काढून ठेवलेलं घासाचं पान उचललं आणि मागच्या दारी गेल्या. मी म्हटलं, "कावळ्याला गच्चीवर ठेवते मी."

"नको," त्या म्हणाल्या. दारात रोज येणारी गाय उभी होती. मावशींनी पान तिच्यापुढे धरलं. "जित्या मानसाच्या नावाचं कावळा शिवत नाही. चार बाया पाह्यत राह्यल्या असत्या वरतं. गाईचं बरं असते. गाय कोनाच्याही नावाचं खाते."

गाय शांतपणे खात होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माही नंद देऊळगाव राजालेच देली आहे. तुमी दोघं पायऱ्या उतरून राह्यले व्हते, तव्हाच फोन लावला तिले."

"मग खोली का दिली?"

"सोबत पाह्यजे व्हती मले. आन् तू बरी वाटली."

"मग हे का करायला लावलं मला?"

त्यांनी गाईच्या तोंडाला लागलेलं पुरण बोटानं पुसलं. "तुह्या भावानं एका खोलीत सांगतलं. तेवढ्यानं होते का? आज तिघीयनं डोळ्यानं पाह्यलं. पिंपळगाववाली तर रडली. आता मरेपर्यंत तुले या गल्लीत कोनी काही इचारनार नाही." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्या कपाळाऐवजी डोळ्यांत बघितलं. "राह्याचं आहे ना तुले इथं?"

दुपारी ऑफिसात नारळ फुटला. श्रीकांतच्या वडिलांनी पडद्यासमोर उदबत्ती ओवाळली. विमलकाकूही आल्या होत्या, पैठणीत. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "किती वाळली वं तू!" बायकांना हळदीकुंकू लावणारी मुलगी ओळीनं येत येत माझ्यापर्यंत आली, तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं आणि करंडा पुढच्या बाईकडे नेला. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

अ‍ॅप चाललं. श्रीकांतचं आता अकोल्यालाही ऑफिस आहे. कोर्टाचा निकाल पुढच्या पावसाळ्यात लागला. मी जिन्यात मावशींना म्हटलं, "झालं, मावशी. सुटले मी." त्या धान्य निवडत होत्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "कोनाले सांगू नको." दुसरीकडे खोली बघावी असं मनात यायचं, अजूनही येतं. मग पुन्हा सगळं सांगायचं, या विचारानं मी जिना चढून वर येते. मावशींच्या गुडघ्यांना आता जिना होत नाही. त्यांचं जेवण मीच बघते. एकदा त्या तापात असताना मला त्यांनी 'सून' म्हटलं. ते नातं कोणाकडून आलं, हे मी विचारलं नाही.

यंदा बाजूच्या घरात मागच्या खोलीत एक नवी बाई आली. प्रतिभा, डोणगावची. शाळेत कारकून होता तिचा नवरा. त्याच्या जागेवर ती लागली. 'ओसरी'वरूनच तिला खोली मिळाली, एका दिवसात. काल संध्याकाळी वारा सुटल्यावर मावशींना आधार देऊन मी गच्चीवर आणलं होतं. प्रतिभा तिकडून कठड्यापाशी आली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, नळाचं, शाळेचं. मग कठडा धरून तिनं विचारलं,

"ताई, एक इचारू? तुमचे… कशानं गेले?"

मावशी खुर्चीत बसल्या होत्या, डोळे मिटून.

"हार्ट," मी म्हटलं.

"झटक्यात?"

"हो."

तिचे डोळे भरून आले. तिचा माणूस बरेच महिने अंथरुणाला खिळला होता, हे मला गल्लीतून कळलेलं होतं. "मंग बरं झालं," ती म्हणाली. "त्रास तर नाही झाला त्यायले?"

"नाही," मी म्हटलं.

खाली रस्त्यावरून सामानानं भरलेला एक टेम्पो गेला. मी तो वळणापर्यंत जाऊ दिला.

"थोडा झाला," मी म्हटलं.